आवाजाचे मस्टर



या व्यासपीठावर बोलणारा माणूस बहुधा पदवीधर असतो. मजपाशी तसे काही नाही. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा मी सहावीत होतो. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत येणारी वर्तमानपत्रे, वाचनालयातील पुस्तके आणि कामगार न्यायालयाबाहेरचे बाकडे यांवर. असा माणूस संगणकावरील गाण्यांविषयी काय बोलणार, असे आपणांपैकी पुष्कळांना वाटले असेल. तेव्हा या विषयाशी माझा संबंध कसा आला, ते आधी सांगतो.

माझे वडील गिरणीत साचाखात्यात होते. आरंभीची कित्येक वर्षे ते 'बदली' होते. रोज पहाटे दारावर उभे राहायचे, कोणी गैरहजर असला तर त्याच्या साच्यावर काम करायचे, नाही तर परत घरी. साचे तेच, घाम तोच, कापड तेच. परंतु मस्टरवर नाव नाही. औद्योगिक विवादांच्या १९४७ च्या कायद्यात १९५३ साली ले-ऑफच्या भरपाईचे कलम आले. त्यात, मस्टरवर ज्याचे नाव आहे त्याला भरपाई आणि बदली कामगार त्यातून वगळलेला, अशी सरळ वाटणी होती. त्या कायद्याची जागा आता नव्या संहितेने घेतली आहे. परंतु काम केलेल्या माणसाचे नाव कोठे लिहिले आहे काय, हा प्रश्न मी उभ्या आयुष्यात ज्या ज्या मालकापुढे उभा राहिलो, त्या त्या मालकाला विचारीत आलो आहे.

दोन वर्षांपूर्वी वडिलांच्या ट्रंकेत एकतीस ध्वनिफिती निघाल्या. आमच्या चाळीतील भजनी मंडळ दर एकादशीला बसे, त्याचे हे मुद्रण. माझ्या भाच्याने त्या सगळ्या फिती संगणकात उतरविल्या आणि एका सॉफ्टवेअरला कामाला लावले. हे सॉफ्टवेअर गाण्याचे नाव व लांबी यांचा जगभरच्या यादीशी ताळा पाहते आणि गायकाचे नाव, संग्रहाचे नाव, वर्ष, मुखपृष्ठाचे चित्र सारे आपण होऊन चिकटविते. सकाळी पाहतो तो आमच्या बुवांचा अभंग एका नामवंत गायकाच्या नावावर जमा! बाजूला त्या गायकाचे रंगीत छायाचित्र. आईने दोन ओळी ऐकल्या आणि म्हणाली, "अरे, हे तर आपले बुवा. आणि हा टाळ तुझ्या बापाचा. हे फोटोतले कोण?"

त्या प्रश्नाने मला या विषयाच्या मागे लावले. गाण्याला जोडलेल्या अशा माहितीला 'टॅग' म्हणतात. तिचे शास्त्रातील नाव 'मेटाडेटा'. आपल्याकडे सरकारी दप्तरात जुना शब्द आहे 'नावनिशी', तो मला अधिक बरा वाटतो. या नावनिशीचा इतिहास शोधता शोधता मला जे सापडले, ते आज आपणांपुढे ठेवतो.

नाव सांगणारा आवाज

एडिसनने १८७७ साली बोलणारे यंत्र केले. पुढे मेणाच्या नळकांड्यांवर गाणी मुद्रित होऊन विकली जाऊ लागली. परंतु नळकांड्यावर चिठ्ठी चिकटविणार कोठे? बाहेरच्या अंगावर तर ध्वनीची रेघ. नाव लिहावे ते डबीवर. आणि डब्यांची अदलाबदल व्हायला कितीसा वेळ लागतो! म्हणून गाण्याच्या आरंभी एक माणूस खणखणीत आवाजात गाण्याचे, गायकाचे आणि कंपनीचे नाव पुकारीत असे. म्हणजे नावनिशी प्रथम लिहिली गेली ती कागदावर नव्हे, आवाजातच.

एमिल बर्लिनरची सपाट तबकडी आली आणि तिच्या मध्यभागी रिकामी जागा मिळाली. पहिल्याने तेथे नाव कोरीत. १९०० च्या सुमारास कागदी लेबल आले. तरीही पुकारा थांबला नाही, आणि आपल्या देशात तर त्याने इतिहास घडविला. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गायसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा माणूस कलकत्त्यात मुद्रणासाठी उतरला. गौहर जान त्याच्या कर्ण्यासमोर गायल्या, आणि तीनएक मिनिटांचे गाणे संपता संपता त्यांनी इंग्रजीत सांगितले : "माय नेम इज गौहर जान." आज आपण त्याकडे नखरा म्हणून पाहतो. परंतु त्या काळी तबकड्या छापल्या जात जर्मनीत, हॅनोव्हर येथे. तेथील कामगाराला आपली भाषाही ठाऊक नव्हती आणि गाणेही. शेकडो मुद्रणांतून हे कोणाचे, हे त्याने ओळखायचे कसे? त्या पाच शब्दांवरून तो योग्य लेबल योग्य तबकडीवर बसवू शके. कलकत्त्यात कंपनीचा कारखाना १९०८ साली निघाला. तोपर्यंत आपल्या कलावंतांची ओळख समुद्रापलीकडे नेणारी खात्रीची वाट म्हणजे त्यांचा स्वतःचा आवाज.

यातली युक्ती ध्यानात ठेवा. डबी हरवेल, लेबल सुटेल. पण नाव गाण्याच्या पोटातच असेल, तर ते गाण्याबरोबर जाईल. आजच्या टॅगची सारी कल्पना एवढीच आहे.

लेबलावर कोण, लेबलाबाहेर कोण

लेबल म्हणजे तीन-साडेतीन इंचांचा कागदी चकतीचा तुकडा. त्यावर मराठी तबकड्यांत गाण्याचे पहिले शब्द, राग, नाटकाचे नाव आणि गाणाऱ्याचे नाव येई. तबला, पेटी, सारंगी वाजविणाऱ्यांना त्या चकतीत सहसा जागा नसे. जागा लहान हे खरे. पण एका प्रसिद्ध कंपनीच्या लेबलावर कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याचे चित्र मात्र ऐसपैस असे. फ्रान्सिस बॅरो या चित्रकाराकडून ते चित्र कंपनीने १८९९ साली घेतले. त्या कुत्र्याचे नाव निपर, हे आज जगाला पाठ आहे. त्याच तबकडीवर सारंगी कोणाची, हे विचारा. उत्तर मिळणार नाही.

चित्रपटाच्या काळात तर गाणाऱ्याचेही नाव गेले. १९४९ च्या 'महल' चित्रपटातील 'आयेगा आनेवाला' हे गाणे देशभर गाजले. त्याच्या तबकडीवर गायिकेचे नाव छापले होते 'कामिनी'. कामिनी हे चित्रपटातील पात्र, भूमिका मधुबालाची. प्रत्यक्षात गळा होता लता मंगेशकर यांचा. गाणारी कोण, अशी रेडिओकडे श्रोत्यांची विचारणा सुरू झाली, तेव्हा कोठे खरे नाव लोकांपुढे आले. पुढे पार्श्वगायकांची नावे तबकड्यांवर येऊ लागली. फिल्मफेअरने गायकांसाठी पारितोषिक नव्हते तेव्हा लताबाईंनी त्या समारंभात गाण्याचे नाकारले, आणि १९५९ साली पार्श्वगायनाचे पहिले पारितोषिक त्यांनाच 'मधुमती'तील गाण्यासाठी मिळाले. याला मी कामगार चळवळीच्या भाषेत यशस्वी असहकार म्हणतो.

परंतु लताबाईंचा आवाज असा, की तो झाकून ठेवणे अशक्य. व्हायोलिनच्या रांगेत बसलेल्याने काय करावे? मुंबईच्या चित्रपट-संगीतात गोव्याहून आलेल्या वादकांचा आणि संयोजकांचा वाटा फार मोठा आहे. सबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट, अँथनी गोन्साल्विस ही नावे आज अभ्यासक घेतात. ग्रेगरी बूथ यांनी अशा वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. पण ज्या काळी ती गाणी घराघरांत वाजत होती, त्या काळी ऐकणाऱ्याला यांतले एक नाव ठाऊक नव्हते. संगीतकाराने चाल दिली. पन्नास-साठ वाद्यांसाठी ती स्वरलिपीत मांडली या माणसांनी. गोन्साल्विस हे माजोर्ड्याचे. प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकविणारे. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त शिष्याने एका गाण्यात गुरूचे नाव गुंफले, आणि 'माय नेम इज' या तीन शब्दांपुढे ते नाव देशाच्या तोंडी बसले. १९०२ साली गौहर जान जे स्वतः बोलल्या, ते पंचाहत्तर वर्षांनी एका वादकासाठी दुसऱ्याला बोलावे लागले. तेही लोकांना नायकाचे विनोदी नाव वाटले!

वेष्टनाचे वैभव आणि त्याचा अस्त

जुन्या तबकड्या साध्या तपकिरी कागदी पिशवीत येत. चार-सहा तबकड्या एकत्र विकायच्या तर छायाचित्रांच्या वहीसारख्या जाड पुठ्ठ्यांत बांधीत. म्हणून त्याला 'अल्बम' म्हणू लागले. आज संगणकातील टॅगमध्ये 'अल्बम' हा रकाना दिसतो, तो त्या पुठ्ठ्याच्या वहीचा वंशज आहे. अमेरिकेत कोलंबिया कंपनीत ॲलेक्स स्टाइनवाइस नावाचा तरुण चित्रकार होता. १९४० च्या सुमारास त्याने या पुठ्ठ्यांवर रंगीत चित्रे काढण्यास आरंभ केला. १९४८ साली त्याच कंपनीने दीर्घवादी तबकडी आणली, आणि बारा इंचांचे चौकोनी वेष्टन कलावंताला मिळाले. पुढे चित्र आणि मागे मजकूर. पाठीमागच्या त्या मजकुरात प्रथमच थोडीफार ऐसपैस जागा झाली. साथीला कोण, मुद्रण कोठले, बंदिश कोणाची, हे वाचायला मिळू लागले. तबलजीचे नाव मागच्या बाजूस बारीक अक्षरांत का होईना, पण आले.

नंतर जागा आक्रसत गेली. १९६३ साली फिलिप्सची कॅसेट आली. बारा इंचांचे वेष्टन तळहातात मावणारे झाले. आपल्याकडे १९८० नंतर कॅसेटचा सुळसुळाट झाला, तेव्हा तिने आणखी एक गोष्ट केली. ज्याला कंपनी विचारीत नव्हती तोही स्वतःचे मुद्रण करू लागला. भजनी मंडळे, शाहीर, कलापथके, मिलच्या दारावरच्या सभा. आतल्या कागदावर नाव लिहायचे निळ्या शाईने, घरच्या अक्षरात. आमच्या एकतीस फितींवर वडिलांचे अक्षर आहे.

१९८२ साली कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली. सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनीचे माप घेणारी ही चकती. पण तिच्या मूळ रचनेत गाण्याचे नाव ठेवण्याची सोयच विचारात घेतली नव्हती. यंत्राला कळे ते एवढेच : पहिले गाणे, दुसरे गाणे, आणि प्रत्येकाची लांबी. इतके सूक्ष्म यंत्र, आणि गाणे कोणाचे हे त्याला ठाऊक नाही!

यादी कोणी लिहिली, विकली कोणी

या अडचणीतून १९९० नंतरच्या काळातील एक मोठी गंमतीची आणि तितकीच कडू गोष्ट घडली. टी कान नावाच्या तंत्रज्ञाने संगणकावर डिस्क वाजविण्याचा कार्यक्रम लिहिला होता. त्यातून अशी कल्पना निघाली की, डिस्कवरील गाण्यांच्या लांब्यांवरून तिचा एक क्रमांक काढावा, आणि त्या क्रमांकासमोर नावे लिहून ठेवावीत. स्टीव्ह शर्फ यांच्या साहाय्याने ही यादी इंटरनेटवर सर्वांना खुली झाली. तिला सीडीडीबी म्हणत. एखाद्याने नवी डिस्क यंत्रात घातली आणि यादीत ती नसली, तर तो स्वतः बसून सारी नावे टंकित करी आणि यादीत पाठवून देई. दुसऱ्या टोकाच्या माणसाला ती नावे आयती दिसत. जगभरच्या हजारो लोकांनी एक पै न घेता हे काम केले.

पुढे ही यादी एका कंपनीच्या मालकीची झाली. २००० साली तिचे नाव ग्रेसनोट झाले, आणि २००८ साली सोनीने ती कंपनी सुमारे २६ कोटी डॉलरना विकत घेतली. ज्यांनी नावे टंकित केली होती त्यांना त्यातला वाटा कसा मिळणार? त्यांची नावे कोणत्याच मस्टरवर नव्हती. आता, यादी सांभाळायला यंत्रे लागतात, पगार द्यावे लागतात, हे मला मान्य आहे. पण सार्वजनिक विहीर खणायला गाव बोलवायचे आणि पाणी लागल्यावर तिला कुलूप घालायचे, असे हे झाले.

येथे एक समाधानाची गोष्ट सांगितली पाहिजे. संतापलेल्या लोकांनी केवळ निषेधाची पत्रके काढली नाहीत. पर्यायी संस्था उभ्या केल्या. फ्रीडीबी नावाची खुली यादी निघाली. ती २०२० सालापर्यंत चालली. रॉबर्ट के यांनी म्युझिकब्रेन्झ हा कोश सुरू केला आणि २००४ साली तो मेटाब्रेन्झ या ना-नफा प्रतिष्ठानाच्या स्वाधीन झाला. त्यातील मूळ माहिती कोणालाही विनामोबदला वापरता येते; कोणी एक मालक ती उचलून घरी नेऊ शकत नाही. हे मला सहकारी चळवळीचे उत्तम उदाहरण वाटते.

एकशे अठ्ठावीस बाइटांची चिठ्ठी

इकडे जर्मनीत फ्राउनहोफर संस्थेत संशोधकांनी ध्वनी आवळून लहान करण्याची युक्ती सिद्ध केली. १९९५ साली त्या फायलींना 'एमपी३' हे शेपूट लागले. तबकडी गेली, वेष्टन गेले, डबी गेली. उरली नुसती फाइल. या फाइलीतही नावाला जागा नव्हती. नाव असे ते केवळ फाइलीवर लिहिलेले, म्हणजे पुन्हा नळकांड्याच्या डबीवर.

१९९६ साली एरिक केंप यांनी उपाय काढला. गाणे संपल्यानंतर फाइलीच्या अगदी शेवटी १२८ बाइटांचा एक तुकडा जोडायचा. बाइट म्हणजे रोमन लिपीतील एका अक्षराएवढी जागा. पहिल्या तीन बाइटांत 'टॅग' हा शब्द. मग ३० गाण्याच्या नावाला, ३० गायकाला, ३० अल्बमला, ४ वर्षाला, ३० शेऱ्याला आणि एक बाइट गाण्याच्या प्रकाराला. झाले १२८. या पद्धतीला आयडी३ म्हणतात. गाणे संपल्यावर नाव सांगायचे! केंप यांनी गौहर जान ऐकल्या असतील असे नाही. परंतु गरज तीच, म्हणून तोडगाही तोच निघाला. पुढल्याच वर्षी मिखाएल मुत्शलर यांनी शेऱ्यातील दोन बाइट काढून तेथे गाण्याचा क्रमांक बसविला. जागेची ही काटकसर पाहून मला चाळीतील दहा बाय दहाची खोली आठवते.

पण या खोलीत कोणाला शिरता येई? गाण्याच्या प्रकारासाठी ठरीव ८० नावांची यादी होती. तीत पोल्का आहे, डेथ मेटल आहे, 'नॉइज' म्हणजे गोंगाट हाही एक प्रकार आहे. ख्याल नाही, अभंग नाही, लावणी नाही, पोवाडा नाही. आमच्या शाहिराने जायचे ते 'एथ्निक' या कोंडवाड्यात किंवा 'इतर'मध्ये. लिपीचीही तीच तऱ्हा. कप्पे रोमन अक्षरांच्या हिशेबाने मापलेले. देवनागरीचे एकेक चिन्ह आजच्या प्रचलित संकेतपद्धतीत तीन बाइट घेते; तीस बाइटांत अशी दहा चिन्हे मावतात. 'ज्ञानेश्वर' हा शब्द काने-मात्रे-हलन्त धरून बरोबर दहा चिन्हांचा आहे. एवढे लिहिले की खोली भरली. 'माउली' म्हणायला जागा नाही.

१९९८ साली मार्टिन निल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी आयडी३ची दुसरी आवृत्ती आणली आणि भिंती पाडल्या. आता नावनिशी फाइलीच्या आरंभी आली, कप्पे हवे तेवढे लांब झाले, युनिकोडमुळे देवनागरी लिहिता येऊ लागली. चाल कोणाची, शब्द कोणाचे, यांना वेगळे कप्पे मिळाले. वेष्टनावरील चित्रही फाइलीच्या पोटात ठेवता येऊ लागले. चित्रांचे एकवीस प्रकार ठरविले आहेत : पुढचे मुखपृष्ठ, मागचे मुखपृष्ठ, कलावंत, मुद्रणाची जागा, आणि सतराव्या क्रमांकावर चक्क 'चमकदार रंगाचा मासा'! कोणा तंत्रज्ञाला विनोद सुचला आणि तो नियमात कायम झाला. माझी त्याला हरकत नाही. कारण त्याच नियमावलीच्या २००० सालच्या आवृत्तीत एक कप्पा आहे, ज्यासाठी मी त्यांचे शंभर मासे माफ करीन. त्याचे सांकेतिक नाव टीएमसीएल; अर्थ : वादकांची नामावली. वाद्याचे नाव आणि वाजविणाऱ्याचे नाव, अशा जोड्या तीत हव्या तितक्या लिहाव्यात. लेबलावर जी जागा शंभर वर्षांत मिळाली नाही, ती येथे कागदोपत्री मिळाली. बहुतेक वेळा हा कप्पा रिकामा असतो. कायद्यात हक्क आहे, पण वसुली नाही, अशी ही स्थिती आमच्या धंद्यात रोज पाहतो.

हे काम कसे करावे

या कप्प्यांत लिहिण्यासाठी आज चांगली सॉफ्टवेअरे मिळतात. फ्लोरियान हायडेनराइख यांचे एमपी३टॅग आहे, म्युझिकब्रेन्झचे पिकार्ड आहे, कीड३ आहे. एमपी३टॅगमध्ये शंभर फायली एकदम निवडून त्यांचा अल्बम, वर्ष, चित्र एका फटक्यात भरता येते. फाइलीच्या नावावरून टॅग किंवा टॅगवरून फाइलीचे नाव तयार होते. पिकार्ड ध्वनीचा ठसा घेऊन कोशाशी ताडून पाहतो. ही अवजारे उत्तम आहेत. पण साचा कितीही चांगला असला तरी धागा तुटल्याचे पाहायला माणूस उभा राहावा लागतो. दोन वर्षांच्या अनुभवाने मी काही नियम बांधले आहेत, ते सांगतो.

मूळ फायलींची एक प्रत अलग ठेवल्याशिवाय कशाला हात लावू नये. यंत्राने सुचविलेले नाव ऐकून पाहिल्याशिवाय मान्य करू नये. प्रसिद्ध मुद्रणाच्या बाबतीत ते बहुधा बरोबर असते, घरगुती मुद्रणाच्या बाबतीत बहुधा चूक. एका माणसाचे नाव एकाच रीतीने लिहावे. 'कुमार गंधर्व', 'पं. कुमार गंधर्व' आणि तेच रोमन लिपीत, असे लिहिले की यंत्राच्या यादीत तीन गवई उभे राहतात. म्युझिकब्रेन्झने यासाठी प्रत्येक कलावंताला स्वतंत्र क्रमांक दिला आहे. शुद्धलेखन बदलले तरी माणूस एकच राहतो. गायक आणि अल्बमचा मुख्य कलावंत हे दोन कप्पे निराळे आहेत, त्यांची गल्लत करू नये. नाही तर दहा गायकांच्या एका संग्रहाचे दहा तुकडे होतात. वर्ष लिहिताना मुद्रणाचे कोणते आणि नव्याने प्रसिद्ध झाल्याचे कोणते, हे पाहावे; १९३० ची तबकडी डिस्कवर आली म्हणून ती २००५ ची होत नाही. मुखपृष्ठाचे चित्र प्रत्येक फाइलीत वेगळे साठते, तेव्हा ते स्पष्ट असावे पण अवाढव्य नसावे. आणि जे ठाऊक नाही तेथे कप्पा रिकामा ठेवावा किंवा 'अज्ञात' लिहावे. रिकामा कप्पा कोणीतरी पुढे भरील. खोटे नाव भरलेला कप्पा कोणी उघडूनही पाहत नाही.

कायद्याचे कलम आणि आमची एकतिसावी फीत

आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याचा हक्क आला. सादरकर्ता कोण, याच्या व्याख्येत नट, गायक, वादक, नर्तक, डोंबारी, गारुडी यांच्याबरोबर व्याख्यान देणाराही आहे. म्हणजे आत्ता आपणांपुढे उभा असलेला मीदेखील! २०१२ च्या दुरुस्तीने या सादरकर्त्याला आपली ओळख मागण्याचा हक्क दिला. पण त्याच दुरुस्तीत व्याख्येला एक परंतुक जोडले. चित्रपटात ज्याचे काम किरकोळ वा प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या रूढीप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीतही कोठे येत नाही, तो सादरकर्ता धरला जाणार नाही. आपले काम विद्रूप केले तर हरकत घेण्याचा तेवढा हक्क त्याला ठेवला आहे. पहा, काय झाले. काम किरकोळ कोणाचे, हे ठरविताना रूढीचे बोट धरायचे. रूढी अशी, की नाव द्यायचे नाही. नाव दिले नाही, म्हणून नाव मागण्याचा हक्क नाही. १९५३ च्या कलमातील 'मस्टरवर ज्याचे नाव आहे' हे शब्द मला येथे जसेच्या तसे ऐकू आले. म्हणून टॅगचा रिकामा कप्पा ही मला हौशी लोकांची बाब वाटत नाही. आज पुष्कळ ऐकणे त्या कप्प्यांच्या आधारे चालते, आणि हक्क मागायचा तर नाव कोठेतरी लिहिलेले असावे लागते.

आता माझ्या घरची गोष्ट पुरी करतो. त्या एकतीस फितींवरचे चुकीचे नाव आम्ही काढले. गायक म्हणून बुवांचे नाव लिहिले, मुखपृष्ठ म्हणून त्या त्या फितीतील निळ्या शाईच्या कागदाचे छायाचित्र घातले. पण साथीदार कोण? आई आता ऐंशीच्या पुढे आहे. तिला चेहरे आठवतात, नावे निम्मी. मग भाचा एके दिवशी संकोचून म्हणाला, "मामा, प्रत्येक फितीच्या शेवटी बुवा काहीतरी बोलतात. ते गाणे नव्हे म्हणून मी कापले आहे." मी म्हटले, "मूळ फीत लाव." एकतिसावी फीत लावली. 'पुंडलिक वरदे'चा गजर झाला, टाळ थांबले, आणि बुवा बोलू लागले. मंडळाचे नाव, चाळीचे नाव, मग पेटीवर कोण, पखवाजावर कोण, आणि टाळकरी एकामागून एक. चौथे नाव वडिलांचे होते.

कापलेले सारे शेवट आम्ही पुन्हा जोडले, आणि वादकांच्या कप्प्यात नावे लिहिली. अकरा टाळकऱ्यांपैकी आठांची नावे स्वच्छ ऐकू येतात. तिघांच्या नावांवर फितीची खरखर आहे. तेथे आम्ही 'टाळ : अज्ञात' असे तीनदा लिहून ठेवले आहे. त्या मंडळातील एक पखवाजी कोकणात आपल्या गावी असल्याचे कळले आहे. ही व्याख्यानमाला संपली की मी ती फीत घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे.